“किती वाजल्यापासून?”

घाटी रुग्णालयाच्या अपघात विभागात फिटचा पेशंट आला की स्ट्रेचर थांबायच्या आत रेसिडेंट विचारतो, “किती वाजल्यापासून?” नाव, गाव, केसपेपर नंतर. घड्याळातलं उत्तर नातेवाइकांकडे क्वचितच असतं. “दूध घालून आलो तवा चालू झालं,” सिल्लोडकडून आलेला भाऊ सांगतो. रेसिडेंट त्याचाच मोबाइल मागून घेतो. गाडीवाल्याला पहिला फोन सहा वाजून दहा मिनिटांनी लागलाय. आता पावणेआठ. म्हणजे दीड तास झाला.

बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांपुढे गेलेली, किंवा मधे शुद्धच न येता पुन्हापुन्हा येणारी फिट म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ‘स्टेटस’. तीस मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका धरतात. लोराझेपाम किंवा मिडाझोलाम मेंदूपेशींवरच्या ज्या ग्राहींना चिकटून झटका शमवतं, ते ग्राहीच झटका लांबला की पेशीच्या आत ओढले जातात; औषध दारात उभं आणि कडी आतून लावलेली. पाचव्या मिनिटाला जी सुई पुरली असती ती नव्वदाव्या मिनिटाला पुरेल याची खात्री उरत नाही.

एक जण पेशंटला कुशीवर वळवून तोंडातला फेस सक्शनने ओढतो, ऑक्सिजन लावतो. दुसरा व्हेन शोधतोय. झटकणाऱ्या हातात इंट्राकॅथ घालणं सोपं नाही. वॉर्डातले मामा कोपर दाबून धरतात. बोटाच्या थेंबावर साखर आधी बघायची, कारण साखर उतरली तरी फिट येते. दारूची सवय असेल तर ग्लुकोजच्या आधी थायमिन. कांदा किंवा चप्पल हुंगवून झालेलीच असते. त्याने फक्त वेळ जातो. दातांत घातलेला चमचा मात्र दात पाडतो, म्हणून घशात तुकडा नाही ना, हेही पाहावं लागतं.

“सिस्टर, लोरा चार मिलिग्रॅम.” डोस पूर्ण. वाटेतल्या एखाद्या दवाखान्यात अनेकदा भीतभीत अर्धाच दिलेला असतो, श्वास थांबेल म्हणून. ही भीती उलटी आहे. सॅन फ्रान्सिस्कोत रुग्णवाहिकेतच औषध देऊन पाहिलेल्या अभ्यासात (२००१) श्वासाचा किंवा रक्ताभिसरणाचा त्रास लोराझेपाम मिळालेल्यांत सुमारे १० टक्के होता, नुसतं खोटं औषध मिळालेल्यांत २२ टक्के. श्वास जास्त करून फिटच अडवते.

नाही थांबलं तर दुसरी पायरी: लेव्हेटिरासिटाम किलोमागे ६० मिलिग्रॅम, किंवा फेनिटॉइन. फेनिटॉइन ग्लुकोजच्या सलाईनमध्ये चालत नाही, त्याचे कण साकळतात. साध्या सलाईनमधून, मॉनिटरवर नजर ठेवून, सावकाश द्यावं लागतं. लेव्हेटिरासिटाम, फोसफेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट यांची तुलना २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिन्हींनी साधारण निम्म्याच रुग्णांत काम केलं. उरलेल्यांसाठी घशात नळी, भूल आणि आयसीयू.

अंग शांत झालं की नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात. रेसिडेंट मात्र पापणी उचलून बुबुळ बघतो, अंगठा बघतो. तिथे बारीक थरथर असेल तर मेंदूतला झटका चालूच आहे. थरथर नसेल तरी ईईजीशिवाय खात्री होत नाही.

फिट का आली, याची चौकशी त्यानंतर. मोठ्यांत बरेचदा उत्तर साधं निघतं: गोळ्या संपल्या होत्या, बरं वाटतंय म्हणून बंद केल्या होत्या.

या साऱ्या कसबापेक्षा सिल्लोड ते घाटी हे साठ-पासष्ट किलोमीटर मला मोठे वाटतात. पहिला डोस गाडीत बसण्याआधी मिळायला हवा, आणि तो मिळू शकतो: मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे. भाड्याच्या गाडीपेक्षा स्वस्त पडतो. डिस्चार्जच्या दिवशी लहान मुलांच्या आयांना तो हातात देऊन शिकवतात. मूल कुशीवर, पाच मिनिटं घड्याळावर मोजायची, मग किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, आणि लगेच १०८ ला फोन. पंधरा किलोच्या पोराला अर्ध्या मिलिग्रॅमचे सहा पफ, तीन या नाकपुडीत, तीन त्या. वजन वाढलं की आकडा बदलतो, म्हणून फॉलोअपला आल्यावर पोराला आधी वजनकाट्यावर उभं करतात आणि चिठ्ठी नव्याने लिहितात.