कोळ्याची कात

मुंबई आणि मद्रास या दोन इलाख्यांच्या राजधान्या जोडणारा लोहमार्ग, ज्याची दोन टोके 1871 साली रायचुरास येऊन मिळाली आणि ज्याच्यावर आमचे दौंड हे एक मातब्बर जंक्शन आहे, त्याचे कोळीशास्त्रावरही काही ऋण आहे, याची वार्ता फलाटावर चहा पिणाऱ्यांपैकी क्वचितच कोणास असेल. याच मार्गावर पुढे आंध्रात गुत्ती लागते आणि मद्रासच्या अलीकडे अरक्कोणम. ब्रिटिश म्युझियममधील रेजिनाल्ड इनेस पोकॉक यांनी 1899 साली पोएसिलोथेरिया या वृक्षवासी टॅरंटुलांच्या वंशातील ज्या जातींचे वर्णन केले, त्यांपैकी ‘रेगॅलिस’ अरक्कोणमची होती, तर ‘मेटॅलिका’ ही निळीशार जात गुत्ती येथे रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडली होती. पुढे शतकभर मेटॅलिका कोणाच्या दृष्टीस पडली नाही. 2001 साली ती पुन्हा आढळली ती नंद्याळ व गिद्दलूर यांमधील अरण्यात, म्हणजे गुत्तीपासून सुमारे 100 किलोमीटरांवर. पोकॉक यांच्या हाती लागलेला जीव ओंडक्याच्या ढोलीत बसून विनातिकीट गुत्तीस उतरला असावा, असा तर्क करतात, आणि रेल्वेच्या गावात राहणाऱ्या मला तो तत्काळ पटतो.

शास्त्रीय प्रास्ताविक एका दमात उरकतो. टॅरंटुलांच्या कुळात हजारावर जाती आहेत. अमेरिकेतील बहुतेक जाती पोटावरचे दाहक केस उधळतात, आशियातील जातींपाशी ते अस्त्र नाही, पण त्यांचा दंश अधिक जाचक असतो. पोएसिलोथेरियाच्या दंशाने स्नायूंत पेटके येतात. तथापि टॅरंटुलाच्या विषाने मनुष्य दगावल्याचा खात्रीचा दाखला नाही. आपल्या महाबळेश्वरच्या नावाची एक जात बी. के. टिकादर यांनी 1977 साली नोंदविली. पोएसिलोथेरियाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2019 पासून नियंत्रित आहे, आणि वन्यजीव कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा नियंत्रित प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. रानातला कोळी उचलून घरी आणणाऱ्याविषयी मला तिळमात्र सहानुभूती नाही.

शिरूरचे माझे एक शिक्षकमित्र बंदिवासात जन्मलेले ब्राझीलच्या टॅरंटुलाचे एक पिल्लू कागदपत्रांच्या फायलीसकट बाळगून आहेत. चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे, उसाच्या गाड्यांमागे रखडत मी त्यांच्याकडे वारंवार जातो, आणि पत्नीस कारण मात्र रांजणगावच्या गणपतीचे सांगतो. पिल्लू आले तेव्हा त्याच्या पायांचा पसारा हरभऱ्याच्या दाण्याहून फारसा मोठा नव्हता. सुईने छिद्रे पाडलेली एक कुपी, तीत काथ्याचा ओलसर भुसा, सालीचा एक तुकडा, आणि चार-पाच दिवसांनी एखाद्या लहान रातकिड्याची तंगडी, एवढाच त्याचा संसार; कारण इतकी लहान पिल्ले मेलेले भक्ष्यही निःसंकोच खातात. आमच्या या पर्जन्यछायेच्या मुलखात, जिथे एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो, पिल्लांचा खरा शत्रू भूक नसून शुष्कता आहे. कोळी आपले पाय लांबवतो तो स्नायूंनी नव्हे, तर शरीरातील द्रवाच्या दाबाने. पाणी आटले की दाब सरतो, आणि पाय पोटाखाली मुडपून तो मरतो. म्हणून मास्तरांनी कुपी पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारी ठेविली आहे, आणि या बंदोबस्तास वहिनींचा आक्षेप अद्याप कायम आहे.

परंतु ज्यासाठी हा सारा खटाटोप करावा, ती गोष्ट म्हणजे कात. पिल्लू खाणे सोडते, पोट काळसर आणि तकतकीत होते, आणि ज्यास अनुभव नाही असा पालक घाबरून आणखी भक्ष्य टाकू लागतो, जे सर्वथा वर्ज्य होय, कारण कात टाकून मऊ पडलेल्या कोळ्यास जिवंत रातकिडाच कुरतडून खाऊ शकतो. मग ते रेशमाची गादी विणते आणि तिच्यावर उताणे पडते. अशा वेळी ते मेले असे समजून पुष्कळांनी आपली पिल्ले फेकून दिली आहेत. पोटातील द्रव पुढे लोटला जातो, पाठीच्या ढालीची कड उसवते, आणि त्या फटीतून आठही पाय, घट्ट हातमोज्यातून बोटे काढावीत तसे, तसूतसूने बाहेर येतात. या व्यवहारास कधी अर्धा तास लागतो, कधी अर्धा दिवस. केवळ कातडेच नव्हे, तर विषदंत, श्वसनाच्या पुस्तकफुप्फुसांचे अस्तर आणि जठराच्या आतले अस्तरसुद्धा टाकले जाते. नवे दंत पांढरेशुभ्र असतात, मग तांबूस होतात, मग काळे. आणि ते काळे होईपर्यंत अन्न देऊ नये. मोडलेला पायदेखील पुढल्या कातेत, आधी थोडा आखूड असा, परत उगवतो. नर मात्र प्रौढ झाल्यावर सहसा पुन्हा कात टाकीत नाही आणि फार काळ जगत नाही. मादी आयुष्यभर टाकीत राहते.

नर की मादी, याचा निवाडाही कातेवरच होतो, कारण मादीच्या शुक्रकोशाचे अस्तर कातेबरोबर गळून येते. गेल्या खेपेस मास्तरांनी ताजी कात कोमट पाण्यात भिजवून उलगडली, भिंगाखाली धरली, आणि दप्तरात ‘मादी’ अशी नोंद केली. मादी म्हणजे पंधरा-वीस वर्षांची बेगमी. मास्तर तर आता निवृत्तीस आले आहेत. तेव्हा या बाईचा सांभाळ पुढे कोणी करावयाचा, असा सवाल वहिनींनी तिथल्या तिथे टाकला, आणि चहा संपेपर्यंत तरी मास्तरांस त्याचे उत्तर सुचले नव्हते.