खोकल्याला अडुळसा जरूर घ्या, पण दोन आठवड्यांच्या वर थांबू नका!

बोरीच्या आमच्या वस्तीत अडुळसा शोधावा लागत नाही. कुंपणालाच लावलेला असतो, कारण त्याची कडू पानं शेळ्या खात नाहीत. कापूस वेचणीचे दिवस आले, धूळ आणि थंडी एकदम सुरू झाली, की घरोघर ढास लागते आणि आजी नातवाला सांगते, "जा, चार पानं तोडून आण." आम्हीही त्याच काढ्यावर वाढलो. पुढे नर्सिंग शिकलो, वॉर्डात वर्षं काढली, तरी अडुळशावरचा विश्वास गेला नाही. मात्र त्याचा उपयोग कुठपर्यंत, हे वॉर्डातच कळलं.

अडुळसा काय करतो?

आयुर्वेदात अडुळशाला वासा म्हणतात. त्याच्या पानांत व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. अडुळशाने छातीतला घट्ट कफ पातळ होतो आणि बेडका सुटायला मदत होते. याच व्हॅसिसीनच्या धर्तीवर जर्मनीत ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झालं आणि १९६० च्या दशकात बाजारात आलं. अँब्रोक्सॉल हे त्याच्याच घराण्यातलं. मेडिकलमधून आणलेल्या खोकल्याच्या बाटलीवर ही नावं वाचून पाहा. आजीचा काढा म्हणजे अडाणीपणा नव्हता.

साध्या खोकल्याला चार-पाच पानं स्वच्छ धुवा, तुकडे करा, दोन कप पाण्यात निम्मं होईपर्यंत उकळा, गाळा आणि थोडा गूळ घाला. मोठ्या माणसाने सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा कप, तीन-चार दिवस घ्यावा.

गरोदर बाईने मात्र अडुळसा घेऊ नये. त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. वर्षाच्या आतल्या बाळाला काढा देऊ नका, मधही चाटवू नका. साखरेचा आजार असेल तर काढ्यात गूळ नको आणि विकतचं गोड अडुळसा सिरपही नको. लेकराला धाप लागली, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर काढा करत बसू नका. तडक दवाखाना गाठा.

दोन महिने काढा, आणि मग...

वस्त्यांत फिरताना एक मावशी भेटल्या. दोन महिने खोकला. संध्याकाळी कणकण यायची, पोलकं ढिलं झालं होतं. आम्ही विचारलं, "मावशी, दवाखान्यात गेलात का?" त्या म्हणाल्या, "अडुळसा चालूच आहे की बाई. रोज गेलं तर रोज बुडतो." शेवटी बेडक्यात रक्त दिसलं तेव्हा त्या तपासणीला तयार झाल्या. निदान निघालं क्षयाचं, म्हणजे टीबीचं. आणि हे दोन महिने नातू रोज त्यांच्याच कुशीत झोपत होता.

काढ्याने कफ सुटतो, घशाला बरं वाटतं आणि माणूस थांबतो. जंतू मात्र थांबत नाही. बेडक्यातून जंतू जाणारा एक रुग्ण औषधाविना राहिला, तर वर्षभरात १० ते १५ जणांना लागण होऊ शकते. एका खोलीत सहा-सात जण झोपणाऱ्या आपल्या घरांत पहिली लागण आपल्याच माणसांना होते.

जुने वैद्य क्षयातही अडुळसा देत, कारण त्या काळी हातात दुसरं औषध नव्हतं. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ मध्ये, आणि त्याला मारणारी औषधं आली १९४० नंतर. आज ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मग अडुळशावरच का राहायचं?

काय करायचं?

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजनात घट किंवा बेडक्यात रक्त दिसलं, तर आशाताईंना सांगा. त्या थुंकीसाठी डबी देतात. सकाळी उठल्याबरोबर खोल खोकून छातीतला बेडका डबीत घ्यायचा, तोंडातली लाळ नको. तपासणी मोफत आहे.

साध्या क्षयाचं औषध सहा महिने असतं. त्याने लघवी केशरी होते, घाबरू नका. पण दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून सोडू नका. अर्धवट सोडल्यास जंतू औषधाला दाद देईनासा होतो. डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरांना दाखवा. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये बँक खात्यात मिळतात. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत नंबर आहे.

रुग्णाला घराबाहेर काढू नका, त्याचं ताट वेगळं करू नका. क्षय ताटातून नाही, हवेतून पसरतो. खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल धरा. १९५० च्या दशकात मद्रासमध्ये दाटीवाटीने राहणाऱ्या गरीब रुग्णांवर अभ्यास झाला होता. घरी राहून नियमित औषध घेणारेही सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे झाले, हे त्यातून १९५९ मध्ये जगाला कळलं.

मावशींनी सहा महिने औषध पूर्ण केलं. नातवाची तपासणी झाली. त्याला क्षय नव्हता, पण पुढे होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध मिळालं. मावशी आता पुन्हा वेचणीला जातात.

येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा एकमेकींना एवढंच विचारा : तुमच्या घरी दोन आठवड्यांच्या वर कोण खोकतंय? उत्तर "हो" आलं, तर दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन आशाताईंकडे जा. जय भीम.