तेल वगळून बहिष्कार



बहिष्कार कसा करावा आणि तो कसा फसतो, हे दोन्ही आम्ही कारखान्याच्या दाराशी शिकलो. आमच्या उमेदवारीच्या काळात एका कारखान्यात संप झाला. सगळी खाती बंद पडली, फक्त बॉयलरवरची माणसे कामावर राहिली. बॉयलर विझवला तर मालक चिडेल आणि बोलणी फिसकटतील, असे आमच्या पुढाऱ्यांना वाटले. मालक चिडला नाही. त्याने बाहेरची माणसे आणून त्याच वाफेवर खाती चालू केली आणि तीन आठवड्यांनी आम्ही मान खाली घालून आत गेलो. पुढे वाचनालयाच्या बाकावर बसून राष्ट्रसंघाचा इतिहास वाचताना अबिसीनियाचे प्रकरण आले, तेव्हा तो बॉयलर आम्हांला आठवला. अबिसीनिया म्हणजे आजचा इथिओपिया. १९३५-३६ साली जिनीव्हात त्या देशाचे जे झाले, ते आज सांगायचे आहे.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली राष्ट्रसंघ सुरू झाला. जिनीव्हा आम्हां कामगारवाल्यांना तसे परके नाही. आंतरराष्ट्रीय मजूर संघटना ही राष्ट्रसंघाचीच जुळी बहीण. तिच्या १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेला कामगारांच्या वतीने ना. म. जोशी गेले होते. हिंदुस्थानही राष्ट्रसंघाचा मूळ सभासद होता, पण पारतंत्र्यातला. प्रतिनिधी सरकार नेमणार, मत आपल्या नावावर पडणार, आणि आपल्याला कोणी विचारणार नाही, असा तो कारभार.

राष्ट्रसंघाच्या करारनाम्यात सव्वीस कलमे होती. त्यांतले सोळावे कलम म्हणजे संघाचा दात. करार मोडून जो सभासद युद्ध पुकारील, त्याने सर्व सभासदांविरुद्ध युद्ध केले असे समजावे आणि सर्वांनी त्याच्याशी देवघेवीचे व्यवहार तत्काळ तोडावेत, असे ते कलम सांगते. कलम चांगले होते. आम्ही आजवर जे करार पाहिले, त्यांतही कलमे बहुधा चांगलीच असतात.

अबिसीनिया १९२३ साली राष्ट्रसंघाचा सभासद झाला. ५ डिसेंबर १९३४ रोजी वालवाल येथील विहिरींपाशी त्याच्या सैनिकांची आणि इटलीच्या सैन्याची चकमक झाली. सम्राट हैले सेलासी यांनी जिनीव्हाकडे दाद मागितली. त्यानंतरचे नऊ महिने तहकुबीत गेले. शेवटी लवादाने सप्टेंबर १९३५ मध्ये निकाल दिला की दोष कोणाचाच नाही. तोवर मुसोलिनीची सैनिकांनी भरलेली जहाजे सुवेझ कालव्यातून तांबड्या समुद्रात उतरतच होती.

३ ऑक्टोबर १९३५ रोजी इटलीचे सैन्य मारेब नदी ओलांडून आत शिरले. यानंतर राष्ट्रसंघ जेवढ्या झपाट्याने हलला, तेवढा तो पूर्वी कधी हलला नव्हता. ७ तारखेला कौन्सिलने इटलीला करारभंगाचा दोषी ठरवले. लगेच असेंब्लीत चौपन्नांपैकी पन्नास राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली. इटली सोडल्यास विरुद्ध गेले ते ऑस्ट्रिया, हंगेरी आणि आल्बानिया एवढेच. एका बलाढ्य युरोपीय राष्ट्राला एका आफ्रिकी राष्ट्राच्या तक्रारीवरून पन्नास देश दोषी ठरवतात, ही गोष्ट लहान नव्हे. राष्ट्रसंघाची थट्टा करणारे हा दिवस विसरतात.

मग समन्वय समिती नेमली गेली आणि तिच्यातून अठरांची समिती निघाली. खरे काम या खोलीत झाले. इटलीला शस्त्रे द्यायची नाहीत, कर्ज द्यायचे नाही, तिचा माल घ्यायचा नाही, हे लवकर ठरले. चौथा प्रश्न होता, इटलीला कोणता माल विकायचा नाही? त्याची यादी केली गेली. आम्ही ती यादी पुनःपुन्हा वाचली आहे. तीत घोडे, खेचरे, गाढवे आणि उंट होते. रबर होते, कथील होते. मँगनीज, निकेल, टंगस्टन असे धातू होते. गाढवांना हसू नये. अबिसीनियाच्या डोंगरात तोफांचे ओझे खेचरांच्या पाठीवरच चढते. पण यादीत ॲल्युमिनियमही होते, आणि ते इटली स्वतःच भरपूर तयार करीत असे. लोखंडाची माती आणि मोडीचे लोखंड बंद केले होते. तयार पोलाद मात्र मोकळे होते. कोळसा मोकळा होता. आणि ज्याच्यावाचून मोटारलॉऱ्या, रणगाडे, विमाने जागची हलणार नाहीत, ते तेल यादीत नव्हतेच.

याचे कारण दिले गेले ते वरवर पाहता शहाणपणाचे होते. ज्या मालाचा पुरवठा मुख्यतः सभासदांच्या हातात आहे, तोच तेवढा अडवावा. बाहेरच्यांनी पुरवला तर बंदीचा उपयोग काय? तेलाचा मोठा विक्रेता अमेरिका, आणि ती राष्ट्रसंघात नव्हती. संपाच्या सभेतही हा मुद्दा नेहमी निघतो की शेजारचे लोक येत नसतील तर आपणच का मरावे? पण त्यांना विचारण्याआधीच आपले दार उघडे ठेवले, तर शेजाऱ्याला यायचे कारणच उरत नाही.

२ नोव्हेंबरला कॅनडाचे प्रतिनिधी वॉल्टर रिडेल यांनी तेल, कोळसा, लोखंड आणि पोलाद यादीत घालण्याची सूचना केली. हा गृहस्थ पूर्वी मजूर संघटनेच्या कचेरीत काम केलेला. सूचना तत्त्वतः मान्य झाली. रुमानिया आणि रशिया हे तेल विकणारे देश, इतर येतील तर आम्हीही येतो असे म्हणाले. महिन्याभरात कॅनडाच्या सरकारने जाहीर करून टाकले की ते मत रिडेल यांचे व्यक्तिगत होते. पुढे झालेल्या माणसाला त्याच्याच युनियनने तोंडघशी पाडावे, तसा हा प्रकार.

तेलाचा विचार २९ नोव्हेंबरला व्हायचा होता. फ्रान्सचे पंतप्रधान लाव्हाल यांनी तो पुढे ढकलायला लावला. मुसोलिनीने तेल अडवणे म्हणजे युद्ध असा दम भरला होता. फ्रान्सला हिटलरविरुद्ध इटली हवी होती आणि भूमध्य समुद्रात आपल्यालाच एकट्याला लढावे लागेल, ही ब्रिटनच्या आरमाराची चिंता होती. ही भीती अगदीच खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. पण मिळालेल्या सवलतीत काय शिजले पाहा. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सॅम्युएल होर यांनी सप्टेंबरात असेंब्लीपुढे उभे राहून आक्रमणाचा सर्वांनी मिळून प्रतिकार करण्याची ग्वाही दिली होती. तेच होर ८ डिसेंबरला पॅरिसमध्ये लाव्हालबरोबर बसले आणि अबिसीनियाचे मोठे तुकडे इटलीला द्यायचा बेत आखून उठले. बदल्यात अबिसीनियाला समुद्रापर्यंत जमिनीची एक चिंचोळी पट्टी! बेत वर्तमानपत्रांत फुटला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये घरोघर घेतलेल्या शांतता-मतदानात एक कोटीहून अधिक लोकांनी आर्थिक निर्बंधांच्या बाजूने मत दिले होते. ते लोक खवळले आणि होर यांना १८ डिसेंबरला राजीनामा द्यावा लागला. मंत्री गेला, पण तेल वाहतच राहिले.

फेब्रुवारी १९३६ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने अहवाल दिला. सर्व सभासदांनी तेल अडवले आणि अमेरिकेने आपली विक्री नेहमीच्या मापात ठेवली, तर साडेतीन महिन्यांच्या आत बंदी परिणामकारक होईल, असा तिचा हिशेब होता. मार्चच्या आरंभी ब्रिटन तेलबंदीला तयार झाले. फ्रान्सने आणखी एकदा समेटाचा प्रयत्न मागितला. ७ मार्चला हिटलरचे सैन्य ऱ्हाईनलँडमध्ये घुसले आणि तेलाची फाइल मिटली. या साऱ्या काळात इटलीची विमाने अबिसीनियाच्या सैनिकांवर आणि खेड्यांवर मस्टर्ड गॅस सोडीत होती.

सुवेझचेही असेच. कालवा युद्धातही सर्वांना खुला राहील, असा १८८८ चा करार होता, त्यावर बोट ठेवून तो मोकळा ठेवला गेला. कालव्याच्या कंपनीत ब्रिटिश सरकारचे मोठे भाग होते. इटलीची जहाजे पट्टी भरून जात होती.

५ मे १९३६ रोजी आदिसअबाबा पडले. ३० जूनला सम्राट स्वतः असेंब्लीसमोर उभे राहिले. इटलीच्या पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या. तेव्हा रुमानियाचे टिटुलेस्कू या रानट्यांना बाहेर काढा म्हणून ओरडले. सम्राट अम्हारिक भाषेत बोलले. गॅसने जळलेली माणसे आणि गुरे यांचे वर्णन त्यांनी केले आणि मी माझ्या लोकांना काय उत्तर घेऊन जाऊ, असे विचारले. उत्तर चार दिवसांत मिळाले. निर्बंध उठवण्याचा ठराव झाला. अबिसीनियाने एक कोटी पौंडांचे कर्ज मागितले, त्यावर मतदान झाले. बाजूने एक मत, ते त्यांचे स्वतःचे. विरुद्ध तेवीस. पंचवीस तटस्थ.

हिटलरचा दुभाषा पाउल श्मिट याने लिहून ठेवले आहे की १९३८ साली म्युनिकला मुसोलिनी हिटलरला म्हणाला, तेल अडवले असते तर मला आठवड्याभरात अबिसीनियातून निघावे लागले असते. मुसोलिनी बढाईखोर होता, म्हणून आठवड्याचा महिना धरावा. पण अशा माणसाने कबूल केलेला आपला दुबळेपणा सहसा खोटा नसतो.

तेल अडवायचे राहिले, ते काम पुढे माणसांना करावे लागले. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आजच्या एरिट्रियातील केरेनच्या उभ्या कड्यांवर हिंदी पलटणी इटलीच्या सैन्याशी लढल्या. त्यांत मराठा लाईट इन्फंट्रीचे जवान होते, म्हणजे आपल्याच सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडच्या गावांतले. तेथे दहन झालेल्या हिंदू व शीख सैनिकांचे स्मारक केरेनला आहे. २७ मार्चला केरेन पडले, आणि ५ मे १९४१ रोजी हैले सेलासी आदिसअबाबात परत आले. शहर पडल्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली होती.