दादींची गोधडी आणि टोकियोची गल्ली

शाबान महिन्यातल्या एका सकाळी आमची मुलगी क्लासला निघाली आणि दादींनी तिला दारातच अडवले. तिच्या काळ्या अबायाची बाही रिक्षाच्या पत्र्याला अडकून कोपराजवळ फाटली होती. रात्री बसून ती तिने स्वतः शिवली होती, पण आपण शिवतो तशी लपवून नाही. आतून काळे कापड लावायचे सोडून तिने पेटीतल्या जुन्या गोधडीचे दोन तुकडे बाहेरून लावले होते. एक निळ्या फुलांच्या सुती साडीचा, दुसरा दादाजींच्या चौकड्याच्या लुंगीचा. वरून पांढऱ्या दोऱ्याने सरळ धावदोरा, टाके मुद्दाम दिसतील असे.

"लोगां क्या बोलेंगे? इनके घर में कपड़े नै क्या?" दादींनी विचारले.

"दादी, ये जापान का फॅशन है," मुलीचे उत्तर.

दादींना जपानशी काही घेणेदेणे नव्हते. १९७२ च्या दुष्काळात त्या नव्याने सासरी आल्या होत्या. ठिगळ लावलेले लुगडे नेसून पाण्याच्या रांगेत उभे राहणे काय असते, ते त्यांना ठाऊक आहे. ज्या ठिगळातून घर वर यायला चाळीस वर्षे लागली, तेच ठिगळ नात हौसेने अंगावर मिरवणार? दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही मुलीला म्हटले, "दाखव बाई, मोबाइलमध्ये काय बघतेस ते." तिने दाखवले, आम्हीही मग थोडे वाचले. त्यातून जे कळले ते वाचक भगिनींना सांगावेसे वाटते, कारण हा वाद फक्त आमच्या घरातला नसावा.

टोकियोच्या शिबुया भागात हाराजुकू नावाचे रेल्वे स्टेशन आहे. समोर ताकेशिता नावाची अरुंद गल्ली, जेमतेम साडेतीनशे मीटरची. ईदच्या आधी आपल्या कच्छी बाजारात खांद्याला खांदा लागतो, तशी गर्दी तिथे एरवीही असते. १९७७ पासून तिथला जवळचा मोठा रस्ता रविवारी गाड्यांना बंद ठेवू लागले. मोकळा रस्ता मिळाल्यावर शाळा-कॉलेजची मुले तिथे जमू लागली. नाचायला, गायला आणि मुख्य म्हणजे एकमेकांचे कपडे बघायला. जपानमधल्या शाळांचे गणवेश फार कडक. सहा दिवस सगळे एकसारखे दिसायचे आणि रविवारी मात्र ज्याचा तो.

या फॅशनला कुणी मालक नव्हता, ही त्यातली खरी गोष्ट. शोइची आओकी नावाच्या छायाचित्रकाराला दिसले की काही मुली आजीच्या काळातला किमोनो, त्याचा कमरपट्टा, लाकडी खडावा हे सगळे पाश्चात्त्य कपड्यांबरोबर घालून फिरतात. १९९७ मध्ये त्यांनी 'फ्रूट्स' नावाचे मासिक काढले. त्यात नटी नाही, स्टुडिओ नाही. रस्त्यावरच्या मुलामुलींचा उभा फोटो आणि खाली वय, काय करतो, कोणता कपडा कुठून घेतला एवढेच. 'स्वतः शिवला' आणि 'जुन्या कपड्यांच्या दुकानातून' ही उत्तरे त्यात पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे जगभर गाजलेली ही फॅशन खिशात पैसे नसलेल्या पोरांनी, घरातल्या सुईने आणि दुसऱ्याच्या उतरवलेल्या कपड्यांतून उभी केली होती.

पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. १९९८ मध्ये रविवारची रस्ताबंदी उठली. त्याच वर्षी युनिक्लो या जपानी कंपनीने हाराजुकूत दुकान थाटले. २००८ मध्ये स्वीडनची एचअँडएम आली. स्वस्त तयार कपड्यांचे ढीग लागले. २०१७ मध्ये आओकींनी छापील 'फ्रूट्स' थांबवले. फोटो काढावा अशी पोरेच आता रस्त्यात दिसत नाहीत, असे कारण त्यांनी दिले.

हे वाचताना आम्हाला आपलाच बाजार आठवला. पूर्वी ईदचे कपडे म्हणजे आधी कापड, मग दर्जी. गळा कसा, बाही किती, पायजम्याला पट्टी कोणती, यावर घरात तासभर मशवरा चालायचा. अम्मी एकाच थानातून तिघी बहिणींचे सूट काढायच्या, पण तिघींचे गळे वेगळे असायचे. आता तयार अबाया हँगरवरून उतरवला की झाले. दर्गा रोडवर संध्याकाळी दहा मुली निघाल्या तर आठ जणींच्या बाहीवर तेच चमकीचे खडे. महाग असूनही एकसारखे. दादींना हे चालते, कारण ते नवे दिसते.

आता त्या ठिगळाबद्दल.

जपानच्या उत्तरेला आओमोरी नावाचा बर्फाळ प्रांत आहे. तिथे थंडीमुळे कापूस पिकत नाही. गरीब शेतकरी अंबाडीसारख्या झाडाच्या धाग्याचे भरड कापड वापरत. त्यातून वारा आत शिरायचा. दुसऱ्या भागातून जहाजाने जुन्या सुती चिंध्या यायच्या. बायका त्या मोलाने घेत आणि थरावर थर ठेवून धावदोऱ्याने शिवत. या शिवणीला तिकडे साशिको म्हणतात आणि अशा ठिगळांच्या कपड्याला बोरो. एकच कपडा आईकडून मुलीकडे, तिच्याकडून नातीकडे जायचा आणि दर पिढीत त्याला आणखी ठिगळे लागायची. हे वर्णन वाचल्यावर आपल्या मराठवाड्यातली कोणती बाई म्हणेल की मला गोधडी माहीत नाही? टाका तोच, कारणही तेच. फरक एवढाच की आपण ती पांघरली आणि त्यांनी अंगात घातली.

तिकडच्या लोकांनाही बोरोची लाज वाटायची. दिवस पालटल्यावर घरोघरी ते लपवले, जाळले, फेकले. चुझाबुरो तानाका नावाचे एक गृहस्थ १९६० च्या दशकापासून आओमोरीच्या खेड्यापाड्यांत फिरून असे कपडे जमवत होते. त्यांच्या संग्रहाचे टोकियोत २००९ ते २०१९ अशी दहा वर्षे संग्रहालय होते. जगभरचे कपडे आखणारे लोक ते बघायला आले. आज बोरोसारखी शिवलेली जीन्स आणि जाकिटे टोकियोतली तरुण मुले हौसेने घालतात आणि दुकानात त्यांची किंमत ऐकून दादींना चक्कर येईल. आमच्या मुलीने बाहीवर लावले होते ते हेच.

ठिगळाची लाज आपल्याला कधीपासून वाटू लागली, हा विचार त्या रात्री आमच्या मनात आला. रसूलुल्लाह (स.) स्वतःचे कपडे स्वतः शिवत, जोडे स्वतः गाठत, हे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेले आपल्या मुलांना आपण मक्तबमध्ये शिकवतो. परभणीच्या उरुसात तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्यावर ठिगळांची गुदडी घातलेला फकीर आला तर आपण अदबीने बाजूला होतो. तीच गुदडी घरात आली की मात्र शेजारी काय म्हणतील याची धास्ती. तरीही दादींची चूक आहे, असे आम्ही म्हणणार नाही. गरिबी सोसलेल्या माणसाला ठिगळात कला दिसावी अशी अपेक्षा करणे थोडे निर्दयपणाचे आहे. टोकियोतल्या मुलांनाही ते सुचले, कारण त्यांनी ती थंडी सोसली नव्हती.

हाराजुकूतले सगळेच उचलावे, असेही आमचे म्हणणे नाही. तिथल्या काही पोशाखात अंग इतके उघडे असते की आपल्या घरात त्याची चर्चाही नको. पण दुसऱ्याही तऱ्हा आहेत. 'लोलिता' म्हणून एक पोशाख आहे. हे नाव एका इंग्रजी कादंबरीमुळे बदनाम आहे, पण पोशाखाचा त्या गोष्टीशी संबंध नाही. बंद गळा, झालरी, फुगीर घागरा, डोक्याला टोपी किंवा फीत, असा तो जुन्या युरोपी बाहुलीसारखा थाट. या मुली सांगतात की आम्ही हा पुरुषांना आवडावा म्हणून घालत नाही, आम्हाला आवडतो म्हणून घालतो. इंडोनेशिया आणि अमेरिकेतल्या काही मुस्लिम मुली त्यालाच लांब बाह्या आणि जुळता हिजाब जोडून तो घालतात. हाना ताजिमा या बाईंचे वडील जपानी आणि आई इंग्रज. तरुणपणीच त्यांनी इस्लाम स्वीकारला. त्यांनी आखलेले सैल अंगरखे आणि हिजाब २०१५ मध्ये युनिक्लोनेच बाजारात आणले. हाराजुकूच्याच शिबुया भागात तुर्की घडणीची टोकियो जामी मशीद उभी आहे. १९३८ ची जुनी इमारत पाडून ती २००० मध्ये पुन्हा बांधली.

बंधनामुळे फॅशन मरते, असे आपल्या पोरींना वाटते. उलट झाल्याचे दाखले आहेत. जुन्या जपानमध्ये सरकारने व्यापाऱ्यांना रेशीम आणि भडक रंग घालायला मनाई केली होती. त्यांनी बाहेरून साधा करडा झगा शिवला आणि आतल्या अस्तरावर रेशमी चित्रे काढून घेतली. बाही वळली की क्षणभर दिसायची. आपल्याकडचा मशरू तरी काय आहे? पुरुषांच्या अंगाला रेशीम लागू नये, म्हणून विणकरांनी बाहेर रेशीम आणि आत सूत असे कापड विणले. शरीअतला चालणारे म्हणून त्याचे नावच मशरू पडले. औरंगाबादचा हिमरूही सूत आणि रेशीम यांच्या मिलाफातलाच. निजामाच्या काळात शेरवान्या त्याच्या शिवत. कुणाच्या पेटीत अशी जुनी शेरवानी कसर लागून पडली असेल, तर तिचा चांगला उरलेला भाग एखाद्या पर्सला, कॉलरला, बाहीच्या पट्टीला कामी येतो.

आमच्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले की फोटोतला पोशाख जसाच्या तसा परभणीत आणू नकोस. हाराजुकूची मुले आपल्या आजीच्या पेटीत शिरली, तशी तूही आपल्याच दादीच्या पेटीत शिर. एका वेळी एकच गोष्ट बदल. आज बाही, पुढच्या वेळी ओढणीची किनार. सगळे एकदम केले की नाटकातला पोशाख होतो. आणि कापड सुती घे. मे महिन्यात इथे पारा ४२ च्या वर जातो. मानवत-सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्या उभ्या असतात आणि त्याच जिल्ह्यातल्या मुली प्लास्टिकच्या धाग्याच्या अबायात घामाने भिजतात, हे आम्हाला कधी समजले नाही. गल्लीतल्या दर्ज्याला बंद गळ्याचा, सैल, सुती अबाया शिवायला सांगितले तर तो आधी नाही म्हणतो, मग शिवतो. ज्या मुलीला यात खरेच गोडी आहे, तिच्यासाठी आपल्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. तिथे कापड आणि पोशाख हा शिकण्याचा विषय आहे. बारावीनंतर डॉक्टर-इंजिनिअरच्या पलीकडेही बघावे.

मागच्या महिन्यात जिंतूरला खालाच्या घरी लग्न होते. तोच अबाया घालून जाणार म्हणून मुलगी हटून बसली आणि दादींनी मी येतच नाही म्हणून सांगितले. शेवटी त्या जपानी व्यापाऱ्यांची गोष्ट आम्हाला उपयोगी पडली. बाहेरचे तुकडे उसवून बाहीच्या टोकाला आतल्या बाजूने लावायचे ठरले. हात वर केला तरच निळी फुले दिसतील. कोपरावर काळे कापड. मुलीने तोंड वाकडे केले, पण रात्री शिवायला बसली.

थोड्या वेळाने दादी चष्मा लावून जवळ आल्या. बाही हातात घेऊन त्यांनी ती दिव्याजवळ धरली आणि म्हणाल्या, "ये टाकां हैं क्या? चूहे ने दौड़ मारा सरीखा." त्यांनी अर्धी शिवण उसवली आणि दाट, बारीक टाके घालत स्वतःच पुन्हा शिवत बसल्या. दादाजींच्या लुंगीचा तुकडा त्यांनी वरच्या बाजूला घेतला. आता शाळेच्या दप्तराला, उशीच्या अभ्र्याला काय काय लावता येईल, याची दोघींची बोलणी चालू असतात. दादींना डोळ्याने कमी दिसते, सुई ओवून द्यायला मुलगी लागते.