दुकानापुढची जागा : व्यापाऱ्याचे विसरलेले भांडवल

दिवाळीच्या आधीचा शनिवार. संध्याकाळची वेळ. एक कुटुंब मोटारीतून शहराच्या जुन्या बाजारपेठेत येते. नेहमीच्या दुकानातून साड्या आणि मुलांचे कपडे घ्यायचे असतात. परंतु दुकानापुढे गाडी लावायला जागा नसते. चौकातून वळसा घालून ते पुन्हा येतात, तरीही जागा मिळत नाही. तिसऱ्या फेरीनंतर कंटाळून ते मॉलकडे वळतात. दुकानदाराला याचा पत्ताही लागत नाही. बुडालेली उधारी खातेवहीत दिसते, पडून राहिलेला माल गोदामात दिसतो; परंतु दारापर्यंत येऊन परत गेलेल्या ग्राहकाची नोंद कोणत्याही किर्दीत होत नाही.

हा न दिसणारा तोटा टाळण्यासाठी काय करता येईल, असे विचारले तर बहुतेक व्यापारी एकच उत्तर देतात : नगरपालिकेने आणखी वाहनतळ बांधावेत. ही मागणी चुकीची नाही. पण ती अपुरी आहे. नव्या वाहनतळासाठी भूखंड, निधी आणि अनेक वर्षांचा काळ लागतो. त्याआधी, आज हाताशी असलेली जागा कोण आणि किती वेळ वापरतो, हे पाहणे अधिक फायद्याचे ठरते.

जागाही खेळती हवी

बँकेच्या व्यवहारात ‘खेळते भांडवल’ ही संज्ञा सर्वांच्या परिचयाची आहे. तिजोरीत पडून राहिलेला पैसा व्यापार वाढवत नाही; तो जितक्या वेळा फिरेल तितकी उलाढाल वाढते. दुकानापुढील जागेलाही हाच नियम लागू पडतो.

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, बाजारपेठ सकाळी १० ते रात्री ८ अशी १० तास चालते आणि ग्राहक सरासरी ४० मिनिटे थांबतो. मोटारीच्या एका जागेवर दिवसभरात १५ ग्राहक येऊन जाऊ शकतात. त्याच जागी एकच गाडी दिवसभर उभी राहिली, तर पंधरांऐवजी एकाचीच सोय होते. अशा २० गाड्या असतील, तर रोज ३०० ग्राहकांची जागा अडते. एका मोटारीच्या जागेत चार-पाच दुचाकी मावतात, हे लक्षात घेतले तर हा आकडा आणखी फुगतो.

दिवसभर उभ्या राहणाऱ्या या गाड्या बहुधा खुद्द दुकानदारांच्या, त्यांच्या नोकरवर्गाच्या आणि परिसरातील कार्यालयांतील कर्मचाऱ्यांच्या असतात. ही मंडळी सकाळी सर्वांत आधी येतात आणि रात्री सर्वांत शेवटी जातात. साहजिकच मोक्याची जागा त्यांनाच मिळते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. परंतु ग्राहकाची वाट आपणच अडवलेली असते.

पहिल्या मीटरची कथा

नेमकी हीच अडचण अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी या शहरात १९३० च्या दशकात निर्माण झाली होती. मध्यवर्ती भागातील कर्मचारी सकाळी गाड्या लावून संध्याकाळपर्यंत त्या हलवत नसत आणि खरेदीदारांना जागा मिळत नसे. तेथील व्यापारी मंडळाने यावर तोडगा शोधण्याचे काम कार्ल मॅगी या वृत्तपत्र संपादकांकडे सोपवले. त्यांच्या कल्पनेतून आणि दोन अभियांत्रिकी प्राध्यापकांच्या साहाय्याने नाण्यावर चालणारे यंत्र तयार झाले. १६ जुलै १९३५ रोजी जगातील पहिले पार्किंग मीटर त्या शहरात बसवण्यात आले. दर होता तासाला ५ सेंट.

आपल्याकडे पार्किंग शुल्काकडे नगरपालिकेचा आणखी एक कर म्हणून पाहिले जाते. वास्तविक त्याचा जन्म व्यापाऱ्यांच्याच गरजेतून झाला. तिजोरी भरण्यापेक्षा जागा फिरती ठेवणे, हा त्याचा मूळ हेतू होता.

पॅसडीनाच्या व्यापाऱ्यांचा अनुभव

तरीही शुल्काची भीती खोटी नाही. लहान दुकानदाराला वाटते, पैसे पडू लागले तर आहे तो ग्राहकही जाईल. लॉस एंजेलिसजवळील पॅसडीना शहराच्या जुन्या बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनाही असेच वाटत होते. तेथे दोन तासांची मर्यादा होती. पण कर्मचारी दर दोन तासांनी गाडी थोडी हलवून मोक्याची जागा धरून ठेवत. मीटरचा प्रस्ताव आला तेव्हा व्यापाऱ्यांनी विरोध केला.

अखेर तडजोड झाली : मीटरचे उत्पन्न शहराच्या सर्वसाधारण निधीत न जाता त्याच बाजारपेठेवर खर्च होईल. १९९३ मध्ये तासाला १ डॉलर या दराने मीटर सुरू झाले. या भावी उत्पन्नाच्या भरवशावर नगर प्रशासनाने ५० लाख डॉलरचे कर्ज उभारले. त्यातून पदपथ, दिवे, झाडे, बाके आणि मागील बकाल गल्ल्यांची सुधारणा झाली. खर्चाबाबत शिफारस करणाऱ्या मंडळात स्थानिक व्यापारी आणि मालमत्ताधारक होते. पुढील वर्षांत त्या भागातील विक्रीकराचे उत्पन्न वेगाने वाढले. त्यामागे जुन्या इमारतींचे जतन यांसारखी इतर कारणेही होती. परंतु शुल्कामुळे ग्राहक पळून जाईल, ही भीती मात्र खरी ठरली नाही.

बँकिंगच्या दृष्टीने हे उदाहरण उद्बोधक आहे. खात्रीशीर उत्पन्न असेल तर कर्ज उभे राहते आणि त्या कर्जातून निर्माण झालेली सुधारणा उत्पन्न आणखी वाढवते. दिलेला पैसा आपल्याच दारात परत येताना दिसला, की विरोधाची धार आपोआप बोथट होते.

दर किती असावा?

या विषयाचे प्रसिद्ध अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी २००५ मधील आपल्या ग्रंथात एक सोपी कसोटी सुचवली. रस्त्यावरील सुमारे ८५ टक्के जागा भरलेली आणि थोडी मोकळी राहील, असा दर असावा. म्हणजे साधारण सात-आठ जागांमागे एक जागा येणाऱ्या ग्राहकासाठी उपलब्ध राहते. सर्व जागा रिकाम्या दिसू लागल्या, तर दर जास्त आहे असे समजावे. एकही रिकामी नसेल, तर तो कमी आहे.

सॅन फ्रान्सिस्को शहराने २०११ पासून असा प्रयोग करून पाहिला. गर्दीच्या रस्त्यांवर दर वाढवले, ओस पडलेल्या रस्त्यांवर ते उतरवले. प्रयोगाअखेर मीटरचा सरासरी दर सुमारे ४ टक्क्यांनी कमी झाला होता. योग्य दर म्हणजे नेहमीच वाढीव दर नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

ग्राहक येतो कसा?

आणखी एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात २००६ मध्ये केलेल्या पाहणीत दुकानदारांचा अंदाज होता की ४१ टक्के ग्राहक मोटारीने येतात. प्रत्यक्षात ते २२ टक्केच होते. जो गाडी लावताना वाद घालतो तो ग्राहक लक्षात राहतो. पायी किंवा बसने येणारा मुकाट्याने खरेदी करून जातो. आपल्याकडील बाजारपेठांत तर चालत, रिक्षाने, बसने आणि दुचाकीवरून येणारा ग्राहकच मोठा. दिल्लीच्या करोल बाग भागातील अजमल खान रस्त्याचा काही भाग २०१९ मध्ये पादचाऱ्यांसाठी राखण्यात आला आणि त्याच वर्षी चेन्नईच्या पाँडी बझारमधील पदपथ प्रशस्त करण्यात आले, ते याच विचारातून.

केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही शहरातील जमीन मौल्यवान असल्याने पार्किंगचे शुल्क त्या मोलाशी सुसंगत असावे, असे म्हटले आहे. पुणे महानगरपालिकेने २०१८ मध्ये वाहनतळ धोरण मंजूर केले, तेव्हा मात्र त्याला तीव्र विरोध झाला. शुल्काबरोबर विश्वासही निर्माण करावा लागतो, हा त्यातून घ्यावयाचा धडा होय.

व्यापारी संघाला काय करता येईल?

पहिले पाऊल मोजणीचे. एक साधा दिवस आणि एक सणाचा दिवस निवडून दर तासाला कोणती गाडी कोठे उभी आहे याची नोंद करावी. कोणती जागा अडली आहे, ते दोन दिवसांत कळेल.

दुसरे, दुकानदार व नोकरवर्गाच्या गाड्यांसाठी थोडी लांबची जागा ठरवावी. शाळा, मंगल कार्यालये यांची आवारे रिकाम्या वेळेत भाड्याने घेता येतात. हा भार तुटपुंज्या पगाराच्या नोकरावर पडू नये. मासिक भाड्याचा खर्च दुकानदारांनी वाटून घ्यावा.

तिसरे, माल उतरवण्याची वेळ सकाळी लवकर किंवा रात्री ठेवावी. दुचाकी, रिक्षा आणि अपंग व्यक्तींच्या वाहनांसाठी जागा स्पष्टपणे आखून घ्यावी.

चौथे, शुल्क आकारणीला संमती देताना दोन अटी घालाव्यात : मिळणाऱ्या रकमेचा ठरावीक वाटा त्याच रस्त्यावर खर्च व्हावा आणि जमाखर्च दर महिन्याला फलकावर लावावा. शुल्क यूपीआयसारख्या माध्यमातून घेतल्यास प्रत्येक रुपयाची नोंद राहते आणि पावतीवरून होणारे वादही टळतात.

आरंभ स्वतःपासून

हा लेख वाचणाऱ्या ग्राहकबंधूंनी उद्या सकाळी दुकान उघडताना आपली गाडी कोठे उभी आहे, हे एकदा पाहावे. आणि आम्हा बँक कर्मचाऱ्यांनीही तेच करावे. निवृत्तिवेतनासाठी येणारे वृद्ध खातेदार रिक्षातून उतरून दुचाकींच्या रांगेतून वाट काढत शाखेची पायरी गाठतात. त्या रांगेतील किती दुचाकी आपल्याच आहेत? त्या शंभर पावले पलीकडे लावण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नाही.