संगणकाची ‘साफसफाई’ आणि उधारीची वही

लालबाग-परळच्या चाळींतील आणि गिरगावच्या जुन्या इमारतींतील घरांत संगणक आता केवळ मुलांच्या अभ्यासाचा राहिलेला नाही. दिवसभर दुकान सांभाळून रात्री जेवण झाले की त्याच संगणकावर बिले चढतात, जीएसटीचा तपशील भरला जातो, कोणाकडे किती उधारी आहे हे पाहिले जाते. भरतकामाचे नमुने, लग्नपत्रिकांचा मजकूर, शिवणकामाच्या ऑर्डरी हे सारे त्याच डब्यात असते. दिवसा त्याच संगणकावर मुले खेळ उतरवून घेतात. वर्षा-दोन वर्षांत तो मंद होतो, सुरू व्हायला पाच-सात मिनिटे घेतो. मग एके दिवशी पडद्यावर सूचना झळकते, ‘आपल्या संगणकात १२४३ दोष आढळले आहेत. रजिस्ट्री ताबडतोब साफ करा.’

येथेच घाई होते. घरातील कोणीतरी बटण दाबतो, पैसे भरतो. काही वेळा काहीच बिघडत नाही. काही वेळा मात्र दुसऱ्या दिवशी हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडत नाही किंवा प्रिंटर ओळखला जात नाही. म्हणून ही रजिस्ट्री म्हणजे काय, ती साफ करावी काय आणि करायचीच झाली तर कशी, याची माहिती आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना असणे गरजेचे आहे.

रजिस्ट्री म्हणजे काय?

रजिस्ट्री ही विंडोजची खतावणी आहे. कोणते सॉफ्टवेअर कोठे बसवले आहे, कोणती फाइल कशाने उघडायची, कोणता प्रिंटर जोडला आहे, कोणाचे लायसन्स आहे, या सर्वांच्या नोंदी तिच्यात असतात. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ती लहान स्वरूपात आली. त्या वेळी बहुतेक सॉफ्टवेअर आपापली माहिती वेगवेगळ्या छोट्या फाइलींत ठेवत असत. १९९५ च्या विंडोज ९५ पासून या नोंदी एका ठिकाणी आणण्यात आल्या.

एखादे सॉफ्टवेअर काढून टाकले तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात. त्या शोधून पुसणाऱ्या सॉफ्टवेअरला रजिस्ट्री क्लीनर म्हणतात. विंडोज ९५ च्या काळात संगणकाची मेमरी ८ किंवा १६ एमबी असे आणि डिस्कही लहान असे. तेव्हा रजिस्ट्री आटोपशीर ठेवण्याला थोडा अर्थ होता. मायक्रोसॉफ्टने स्वतःही ‘रेगक्लीन’ नावाचे असे साधन दिले होते, ते पुढे मागे घेण्यात आले. ‘रजिस्ट्री साफ केली की मशीन पळते’ हा सल्ला त्या दिवसांचा आहे. संगणक बदलले, सल्ला मात्र तसाच फिरत राहिला.

साफ केल्याने वेग वाढतो काय?

आपल्या खतावणीचाच दाखला घ्या. दहा वर्षांपूर्वी व्यवहार बंद केलेल्या गिऱ्हाइकाचे पान वहीत तसेच आहे. पण अनुक्रमणिका असल्यामुळे आजच्या गिऱ्हाइकाचे पान काढताना ते आड येत नाही. विंडोजही रजिस्ट्री पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही, हवी ती नोंद थेट काढते. शे-दोनशे जुन्या नोंदी पुसल्याने डिस्कवर नगण्य जागा मोकळी होते आणि वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टने आपल्या धोरणात म्हटले आहे. चुकीच्या नोंदी पुसल्या गेल्यास विंडोज पुन्हा बसवावे लागू शकते, असा इशाराही दिला आहे.

संगणक मंद होण्याची खरी कारणे बहुधा वेगळी असतात. मेमरी अपुरी असते, जुनी फिरती हार्ड डिस्क असते, सी ड्राइव्ह भरलेला असतो किंवा संगणक सुरू होताच दहा-पंधरा सॉफ्टवेअर आपोआप चालू होतात. यांवरचे उपाय साधे आहेत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप’ भागात आपोआप सुरू होणारी अनावश्यक सॉफ्टवेअर बंद करता येतात. ज्याचे नाव ओळखीचे नाही ते चौकशी केल्याशिवाय बंद करू नये. नको असलेली सॉफ्टवेअर विंडोजच्या ‘अनइन्स्टॉल’ सोयीने काढावीत. विंडोजमधील ‘डिस्क क्लीनअप’ किंवा ‘स्टोरेज’ या सोयीने तात्पुरत्या फाइली पुसाव्यात, मात्र ‘डाउनलोड्स’ फोल्डरवर खूण नाही ना हे आधी पाहावे, कारण पुष्कळांची बिले तेथेच पडलेली असतात. एवढे करून भागले नाही तर ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात दोन-तीन ठिकाणी भाव विचारून एसएसडी डिस्क बसवून घ्यावी. क्लीनरच्या दरवर्षीच्या शुल्कापेक्षा हा एकदाचा खर्च अधिक उपयोगी पडतो.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्याचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. सुरक्षेची ही उणीव कोणताही क्लीनर भरून काढू शकत नाही. आपल्या मशीनवर विंडोज ११ चालेल काय, याची चौकशी करावी.

भीती दाखवून विक्री

‘मोफत तपासणी’ हा या धंद्यातील मोठा सापळा आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रेस्टोरो आणि रीइमेज या दोन कंपन्यांवर कारवाई केली. आयोगाचे म्हणणे असे की संगणक कसाही असो, यांच्या तपासणीत दोष निघतच. मग दुरुस्तीचे सॉफ्टवेअर विकले जाई आणि त्यानंतर फोनवरून आणखी महागडी सेवा गळ्यात मारली जाई. मार्च २०२४ मध्ये या कंपन्यांनी २ कोटी ६० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. पुढे ही रक्कम ग्राहकांना परत करण्यात आली.

हा प्रकार केवळ परदेशात घडतो असेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये देशात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांतील काही प्रकरणे मायक्रोसॉफ्ट व अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून दाखल झालेली होती आणि ती तांत्रिक मदतीच्या नावाखाली लोकांना फसवणाऱ्या कॉल सेंटरांची होती.

नामांकित सॉफ्टवेअर घेतले म्हणजे निर्धास्त झालो, असेही समजू नये. सीक्लीनर हे या क्षेत्रातील सर्वांत परिचित नाव. २०१७ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या त्याच्या ५.३३ या आवृत्तीत चोरट्यांनी आपला घातक कोड घुसवला होता. सप्टेंबरमध्ये ते उघडकीस येईपर्यंत ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली होती. जे सॉफ्टवेअर घरात लागत नाही ते न घेणे हीच पहिली सुरक्षितता होय.

निवड करताना

तरीही एखादे अर्धवट निघालेले सॉफ्टवेअर पुन्हा बसत नाही, अशा वेळी जाणकार माणूस क्लीनर वापरू इच्छितो. तेव्हा पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) सॉफ्टवेअर मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. जाहिरातीवर बोट ठेवून किंवा कोणाच्या पेन ड्राइव्हमधून घेऊ नये. ‘क्रॅक’ केलेली प्रत तर मुळीच नको.

२) पुसण्याआधी प्रत्येक नोंद कोणत्या सॉफ्टवेअरची आहे आणि ती का पुसायची हे दाखवणारे असावे. नको त्या नोंदीवरील खूण काढता आली पाहिजे.

३) पुसण्यापूर्वी नोंदींची प्रत ठेवणारे आणि ती परत बसवू देणारे असावे.

४) लाल अक्षरांत दोषांचा आकडा दाखवून पैसे मागणारे किंवा पडद्यावर फोन नंबर देणारे असेल तर ते तेथेच बंद करावे.

५) बसवताना सोबत दुसरेच सॉफ्टवेअर घुसत नाही ना, यासाठी प्रत्येक पान वाचूनच पुढे जावे.

वापरण्यापूर्वी आणि नंतर

सर्वांत आधी हिशेब सुरक्षित करावा. टॅलीप्राइम वापरणाऱ्यांनी ऑल्ट आणि वाय दाबून ‘डेटा’मधून ‘बॅकअप’ घ्यावा. तो पेन ड्राइव्हवर उतरवून पेन ड्राइव्ह काढून ठेवावा. शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावर तो उघडून खात्री करावी. भरतकामाचे नमुने, पत्रिकांच्या फाइली आणि फोटो यांचीही प्रत घ्यावी.

त्यानंतर विंडोजचा ‘रिस्टोर पॉइंट’ तयार करावा. पुष्कळ संगणकांवर ही सोय बंद असते, ती आधी चालू करावी लागते. विंडोज स्वतः प्रत ठेवतेच, या भरवशावर राहू नये. विंडोज १० च्या २०१८ मधील १८०३ या आवृत्तीपासून रजिस्ट्रीची आपोआप ठेवली जाणारी प्रत बंद करण्यात आली आहे. रिस्टोर पॉइंटने विंडोजची मांडणी मागे नेता येते, पण आपल्या हिशेबाच्या फाइली परत मिळत नाहीत. म्हणून दोन्ही गोष्टी हव्यात.

मग हिशेबाचे सॉफ्टवेअर बंद करून तपासणी करावी. ‘सर्व दुरुस्त करा’ हे बटण दाबू नये. टॅली, मराठी-उर्दू टंकलेखन, प्रिंटर, बारकोड, भरतकामाचे यंत्र किंवा लायसन्सचे डोंगल यांचे नाव दिसेल ती नोंद सोडून द्यावी. ज्या सॉफ्टवेअरची अडचण आहे त्याच्याच नोंदी पुसाव्यात. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, एक बिल छापून पाहावे, हिशेब उघडून पाहावा. काही बिघडले तर दुसरा क्लीनर चालवू नये, रिस्टोर पॉइंटवर परत जावे. घेतलेल्या प्रती निदान महिनाभर तरी जपाव्यात.

भीतीची सूचना पाहून कोणी पैसे भरले असतील, किंवा अनोळखी माणसाला संगणकाचा ताबा दिला असेल, तर इंटरनेट तत्काळ तोडावे आणि बँकेला कळवावे. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलावेत.

कुरआन शरीफच्या सूरह बकरातील २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. आपल्या वाडवडिलांनी हे लिखाण लाल कापडात बांधलेल्या वहीत जपले, आज ते संगणकात आहे. त्यात केवळ आपले येणे नाही. आपण ज्यांचे देणे लागतो त्या कारागिरांची मजुरी आणि पुरवठादारांची रक्कमही तेथेच लिहिलेली आहे. ती त्यांची अमानत आहे. संगणक थोडा मंद चालला तर चहाचा एक कप होईपर्यंत थांबता येते. पण ही वही गेली तर कोणाचे किती, हे सांगायला साक्षीदार उरत नाही. म्हणून आज रात्री हिशेब बंद करण्यापूर्वी पेन ड्राइव्हवर एक प्रत अवश्य घ्यावी. रजिस्ट्रीचा विचार त्यानंतर करावा.