एटीव्हीसाठी एअर फिल्टर घेताय? ‘हाय फ्लो’ वाचून लगेच ऑर्डर करू नका

मालवणजवळ माझ्या मामाचं होमस्टे आहे. तिथे पाहुण्यांसाठी दोन एटीव्ही ठेवल्यात. माडांच्या बागेतून सड्यावर जायचं, जांभ्याच्या कच्च्या वाटेने एक फेरी मारायची आणि परत. दोन वर्षांपूर्वी त्यातल्या एका गाडीला मी ऑनलाइन मागवलेला ‘हाय फ्लो’ कॉटन फिल्टर बसवला. रीलमध्ये पिकअप वाढतो म्हणून दाखवलं होतं. आवाज खरंच भारी यायला लागला! दिवाळीचा सीझन संपता संपता गाडी ऑइल प्यायला लागली आणि मागून निळा धूर. मेकॅनिकने इन्टेकच्या रबरी पाइपमध्ये बोट फिरवून बाहेर काढलं, तर बोट लाल. म्हणाला, “अरे, फिल्टर नीट बसलोच नाय!”

ब्लॉक, पिस्टन, रिंगा असं सगळं काम निघालं. त्या बिलात तसले डझनभर फिल्टर आले असते. मामा काही बोलला नाही, पण सुट्टीत आलेली दोन बुकिंग मात्र हातची गेली. त्यानंतर फिल्टर या विषयाचा मी जरा नीट अभ्यास केला, तोच इथे मांडतोय.

इंजिन किती हवा खातं?

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलमागे जवळपास ९,००० लिटर हवा इंजिनात जाते. डांबरी रस्त्यावर ही हवा बरीच स्वच्छ असते. सड्यावर पुढच्या गाडीच्या मागे तुम्ही चालत असाल, तर तुमची गाडी अक्षरशः धूळ खात असते.

बीचवरच्या वाळूची भीती सगळ्यांना वाटते. पण वाळूचा कण मोठा असतो, कुठलाही बरा फिल्टर त्याला अडवतो. खरा धोका डोळ्यांना धड न दिसणाऱ्या, काही मायक्रॉनच्या बारीक धुळीचा. (आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या.) धुळीतला क्वार्ट्झ पोलादापेक्षा कठीण असतो. तो ऑइलमध्ये मिसळला की रिंगा आणि बोअर यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. एका दिवसात काही कळत नाही, म्हणूनच लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

फोम, कागद की कॉटन?

कागदी फिल्टर बारीक धूळ सगळ्यात छान पकडतो. थोडा मळला की आणखी चांगलं काम करतो, त्यामुळे रोज झटकायची हौस नको. पण चिखल-पाण्यात तो भिजला की हवा अडते आणि कागद कमकुवत होतो. तो धुवायचा नसतो, खराब झाला की बदलायचा. विकत घेताना किंवा जुना तपासताना फोनचा टॉर्च आतून लावा. कुठे टाचणीएवढं भोक असेल तर लगेच दिसेल.

फोम फिल्टर ऑफ-रोडवाल्यांचा आवडता. दोन थरांचा घ्या: बाहेर जाड छिद्रांचा, आत बारीक. धूळ पकडण्याचं अर्धं काम फोम करतो, अर्धं त्यावरचं चिकट तेल. म्हणून कोरडा फोम म्हणजे नुसता स्पंज! इथे फिल्टरचंच तेल लागतं. इंजिन ऑइल पातळ होऊन खाली उतरतं आणि वरचा भाग कोरडा राहतो.

कॉटनच्या फिल्टरमधून हवा मोकळी जाते, हे खरं. पण भरपूर धुळीत मला तो नको. शिवाय कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा वाढली आणि जेट तेच राहिलं, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन जास्त तापतं. रीलमध्ये जेटचं नाव कोणी काढत नाही. एअर बॉक्स काढून उघडा फिल्टर लावणाऱ्यांना तर ओढ्यातलं पाणी थेट इन्टेकमध्ये घ्यायची तयारी ठेवावी लागेल.

बॉक्सवरचे आकडे कसे वाचायचे

फिल्टरच्या चाचणीचं आयएसओ ५०११ हे स्टँडर्ड आहे. त्यात तीन गोष्टी मोजतात: धूळ किती अडवली, हवेला अडथळा किती झाला आणि चोकअप होईपर्यंत किती धूळ मावली. जाहिरातीत बहुतेक वेळा फक्त मधली गोष्ट ओरडून सांगितलेली असते.

आणखी एक गंमत. एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो, दुसरा ९७ टक्के. ऐकायला सारखंच वाटतं ना? पण पहिल्यातून १ टक्का आत जाते, दुसऱ्यातून ३ टक्के, म्हणजे इंजिनात तिप्पट धूळ. चाचणीची धूळ बारीक होती (तिला ए२ म्हणतात) की जाड (ए४), हेही बघा. ते लिहिलंच नसेल, तर त्या टक्क्यांना फार अर्थ नाही.

पण माझी गाडी टक्क्यांमुळे गेलीच नव्हती. ‘युनिव्हर्सल फिट’ फिल्टरची कडा एअर बॉक्सवर एका बाजूने दोनेक मिलिमीटर उचललेली होती. हवा सोपी वाट शोधते, तिने फिल्टरला वळसाच घातला. तेव्हा गाडीचं मॉडेल आणि वर्ष जुळणाराच फिल्टर घ्या. कडेला ग्रीसचा पातळ थर द्या. इन्टेकच्या पाइपमध्ये फिल्टरच्या पुढेही आतून थोडं ग्रीस फिरवा आणि राइडनंतर बघा. तिथे धूळ चिकटली असेल, तर गळती आहे. पाच मिनिटांचं काम, पण मी ते तेव्हा केलं नाही.

फोम धुवायला पेट्रोल वापरू नका. आग लागायची भीती आहेच, शिवाय सांध्यांचा गोंद सुटतो. फिल्टर क्लीनर नाहीतर साबणाचं कोमट पाणी घ्या. दाबून पाणी काढा, कपड्यासारखं पिळू नका. सावलीत पूर्ण वाळल्यावर सगळीकडे सारखं तेल लावा आणि जास्तीचं दाबून काढा.

आणि हो, हे सगळं करायचा तुम्हाला कंटाळा असेल तर सरळ कंपनीचा कागदी फिल्टर लावा आणि वेळेवर बदला. न धुतलेल्या भारी फोमपेक्षा तो बरा. मामाकडे आता प्रत्येक गाडीला दोन फोम आहेत, एक गाडीत आणि दुसरा तेल लावून झिपच्या पिशवीत. सीझनमध्ये धुळीचा दिवस गेला की संध्याकाळी अदलाबदल होते.